काका, तो दात उंच नव्हता

शेलारकाका,

तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले, आणि मी अजून रोज सकाळी अकराच्या सुमाराला दवाखान्याच्या जिन्याकडे कान लावते. तुमच्या चपलांचा आवाज पाठ झाला होता. दोन पायऱ्या चढायचात, थांबायचात, मग पुन्हा दोन. वर आल्यावर हेल्मेट काढून आधी खिडकी उघडायचात आणि मग म्हणायचात, "काय डॉक्टर, काय म्हणतंय पुणं?" जसं काही तुम्ही खडकीहून नाही, परमुलखातून आला आहात.

आमच्या डॉक्टरांच्या ग्रूपवर तुमच्याबद्दल खूप लिहून आलं. कुणी तुम्हाला जादूगार म्हटलं, कुणी नुसतेच हात जोडले. मीही जोडले. पण मला जे म्हणायचं आहे ते तिथे म्हणता येण्यासारखं नाही. दहा वर्षांपूर्वी मी माझ्या चुकीचं खापर एका पेशंटसमोर तुमच्या डोक्यावर फोडलं आणि तुम्ही ते मुकाट्याने फोडून घेतलंत. चूक माझी होती हे तुम्हाला तिथल्या तिथे कळलं होतं. मला कळायला सहा वर्षं लागली. आणि कळल्यावर "काका, माझं चुकलं" एवढे तीन शब्द तोंडातून काढायला पुढची चार वर्षं पुरली नाहीत. लोकांची तोंडं उघडायला लावण्यात माझा सगळा दिवस जातो, आणि माझंच तोंड उघडलं नाही.

म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही वाचणार नाही, हे ठाऊक असूनही.

आपल्या कामात पेशंटला दिसतो तो फक्त डॉक्टर. किडलेला, मोडलेला दात मी तासते, त्याचं माप घेते आणि आठ दिवसांनी त्यावर टोपी ठेवून सिमेंटने बसवते. मधले आठ दिवस तुमचे. आणि दात खरा होतो तो त्या आठ दिवसांत. पेशंट विचारतात, "डॉक्टर, हे तुम्ही बनवलंत?" मी म्हणायचे, "लॅबमध्ये बनतं." ऐकणाऱ्याला वाटत असेल, काचेच्या भिंती असतील, पांढरे कोट असतील. लॅब म्हणजे खडकी बाजारात सायकलच्या दुकानावरची एक खोली, एक भट्टी, एक दिवा आणि स्टुलावर पाठ वाकवून बसलेले तुम्ही.

पहिल्या वर्षी मी तुमच्याकडे एका माणसाच्या दाढेचं माप पाठवलं होतं. संध्याकाळी तुमचा फोन. "डॉक्टर, हे गृहस्थ उजवीकडेच चावतात. डावीकडे काहीतरी दुखतंय त्यांचं. बघून घ्या." मी हसले. तुम्ही त्या माणसाला पाहिलंही नव्हतं. तुमच्यापुढे होता तो प्लास्टरचा जबडा, तोही थंड आणि पांढरा. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम डावीकडे एक्स-रे काढला, तर शेवटच्या दाढेच्या पोटात ही एवढी कीड. त्या गृहस्थांनी मला हुशार डॉक्टर म्हणून पुढे चार पेशंट पाठवले. तुम्ही उजव्या दाढा किती झिजल्या आणि डाव्यांवरचे उंचवटे किती कोरे राहिले एवढंच पाहिलं होतं. हे तुम्ही मला नंतर सांगितलंत तेव्हा इतकं सोपं वाटलं की आपल्याला ते दिसलं कसं नाही याची लाज वाटली. आता रोज पाहते. निम्म्या वेळा अजूनही दिसत नाही.

आणि पारूबाई! खडकवासल्याच्या पलीकडच्या गावातल्या. शेळीने डोकं मारलं म्हणून समोरचा दात अर्धा मोडलेला, मुलाने मोठ्या गाडीतून आणलेलं, आणि बाई खुर्चीवर बसल्या त्याही डोक्यावरचा पदर न ढळू देता. आयुष्यभर मिश्री लावलेली. हिरड्यांच्या कडेने प्रत्येक दातावर काळपट तपकिरी रेघ. मी ठरवलं होतं, आधी सगळे दात स्वच्छ करू, मग छान उजळ टोपी बसवू. तुम्ही खडकीहून स्कूटरवर आलात, पारूबाईंना खिडकीशी बसवून उजेडात दात पाहिलात आणि म्हणालात, "मिश्री सुटणार आहे का?"

"आता या वयात काय सुटायची," पारूबाई स्वतःच म्हणाल्या.

"मग रेघ पाहिजे," तुम्ही मला म्हणालात.

मी चिडले. डॉक्टरने नव्या दातावर मिश्रीचा डाग काढून द्यायचा? उद्या तुम्ही कीडसुद्धा रंगवून द्याल! तुम्ही शांतपणे म्हणालात, "एकाला न्हाऊ-माखू घातलंत, तर बाकीच्या पाचांनी काय करायचं, डॉक्टर?" आपण दारात उभं राहून पाऊण तास भांडलो आणि शेवटी मी कंटाळून हो म्हटलं. आठ दिवसांनी दात आला. रेघ होती, पण एकसारखी नव्हती. एका कडेला गडद, मधे पुसट, आणि टोकाला एक बारीक चीर, शेजारच्या दाताला होती तशीच. केसाएवढ्या कुंचल्याने काढलेली. मी दात बसवला, हातात आरसा दिला. पारूबाई इकडून तिकडून बघत राहिल्या. मग मुलाला म्हणाल्या, "आरं, ह्यो माझाच हाय की. ह्यो तर मोडला हुता न्हवं?"

मला तेव्हा अंगावर काटा आला होता, काका. मी तुम्हाला ते सांगितलं नाही. "आवडला त्यांना," एवढंच म्हणाले.

तुमचं काम बघत बसावं असं होतं. सिरॅमिकची पूड पाण्यात भिजवून कुंचल्याच्या टोकाने धातूच्या टोपीवर रचत न्यायची. भट्टीत ती आक्रसते, म्हणून दात मुद्दाम मोठा घडवायचा. पण किती मोठा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. तुम्ही नखाने एक थर खरवडायचात, एक चढवायचात, आणि भट्टीतून दात निघायचा तो नेमका तेवढा. हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं शुभ्र पांढरे दात मागायची. त्यावरचा तुमचा निरोप मी एकदा चुकून एका पेशंटला जसाच्या तसा सांगितला होता: "ट्यूबलाइटच पाहिजे असेल तर इलेक्ट्रिशियनकडे पाठवा." तो पेशंट परत आला नाही. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "बरं झालं."

एकदा मंडईत भाजी घेताना समोरचा माणूस हसला आणि तुम्हाला तुमचा दात दिसला, ही गोष्ट तुम्ही मला किमान पाच वेळा सांगितली असेल. मी प्रत्येक वेळी विचारायचे, "मग बोललात का त्याच्याशी?" आणि तुम्ही प्रत्येक वेळी तितक्याच खुशीत म्हणायचात, "काय बोलणार? साहेब, तुमच्या तोंडात माझा दात आहे?"

आता लिमयेबाई.

तुम्ही शेवटपर्यंत त्यांचं नाव आठवत नसल्याचं दाखवलंत, तरी मी सांगणार. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, आणि समोरच्या माणसाकडे वहीत चूक शोधत असल्यासारखं बघतात. वरच्या बाजूची, डाव्या सुळ्याला लागून असलेली त्यांची दाढ. मला दवाखाना काढून जेमतेम दोन वर्षं झाली होती. तुम्ही पाठवलेली टोपी मी आधी नुसती ठेवून पाहिली, तर अशी बसली की बाई म्हणाल्या, "ठेवलीत का? मला कळलंच नाही." "चपखल बसली" असा निरोप घेऊन ती पुन्हा तुमच्याकडे गेली, भट्टीतून चकाकी घेऊन परत आली. आता फक्त सिमेंटने कायमची बसवायची होती.

मे महिना होता. वीज गेलेली. इन्व्हर्टरवर खुर्ची आणि दिवा एवढंच चालत होतं. सिमेंटची पूड आणि द्रव काचेच्या जाड पट्टीवर कालवतात. काच थंड असेल तर सिमेंट सावकाश आळतं, तापलेली असेल तर कालवता कालवताच धरायला लागतं. हे आम्हाला कॉलेजात इतक्या वेळा घोकून घेतात की झोपेत विचारलं तरी सांगता यावं. त्या दुपारी माझी काच खिडकीतल्या उन्हात पडली होती. मी तशीच उचलली. सिमेंट दाटल्यासारखं वाटलंही मला, पण बाहेर तीन पेशंट बसले होते. टोपीत भरलं, दाढेवर ठेवलं, दाबलं. "चावा," म्हटलं.

"उंच लागतंय," लिमयेबाई म्हणाल्या.

उंच लागणारच. दाटलेलं सिमेंट आत अडकून टोपी पूर्ण खाली उतरलीच नव्हती. केसभराने वर राहिली होती. पण मला ते सुचलं नाही, किंवा सुचू दिलं नाही. मी वरून घासलं. मग पुन्हा घासलं. आणि घासता घासता म्हणून गेले, "लॅबकडून जरा उंच आली आहे." आमच्याकडे हे वाक्य फार स्वस्त आहे. रोज कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात कुणीतरी ते म्हणतं, आणि लॅबवाला ते ऐकायला तिथे नसतोच.

पाच महिन्यांनी फुटाणे खाताना घासून पातळ झालेल्या टोपीचा टवका उडाला. लिमयेबाई तो कागदात बांधून घेऊन आल्या. "कुणाची चूक?" एवढंच विचारलं. मी घाबरले. मी टोपी काढली, ट्रेमध्ये ठेवली आणि तुम्हाला फोन करून बोलावून घेतलं. एखाद्या पोराला मास्तरांच्या खोलीत बोलावतात तसं.

तुम्ही हेल्मेट काखेत धरून उभे होतात. खिशातून भिंग काढलंत, टोपी उलटी करून आतून पाहिलीत. बराच वेळ पाहत होतात. मी म्हणाले, "काका, उंच आली होती. शेवटच्या भट्टीत काहीतरी झालं असणार." तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलंत. त्या नजरेत राग असता तर मला बरं झालं असतं. मग तुम्ही बाईंकडे वळून म्हणालात, "माझ्याकडून राहिलं असेल, बाई. नवीन करून देतो."

"राहिलं असेल म्हणजे?" लिमयेबाई म्हणाल्या. "हाताला माप नसेल तर माणसानं दुसरं काम बघावं. दात आहे हा, पाटा-वरवंटा नव्हे."

"बरोबर आहे," तुम्ही म्हणालात, टोपी खिशात टाकलीत आणि खाली उतरलात. त्या दिवशी खिडकी उघडी होती आणि तुमची स्कूटर बराच वेळ सुरू झाली नाही, हे माझ्या लक्षात आहे.

नवीन टोपी घेऊन तुम्ही स्वतः आलात. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. "आज बसवताना मी थांबतो," म्हणालात. मला वाटलं, हे आता आपल्यावर नजर ठेवणार. तुम्ही फ्रिजमधलं पाणी मागितलंत. स्टीलचा पेला भरून दिला, तर तुम्ही तो न पिता माझ्या काचेच्या पट्टीवर ठेवलात.

"काका, तिथे नको."

"असू दे जरा, डॉक्टर. ऊन फार आहे."

थोड्या वेळाने पेला उचललात, गॉजने काचेवरचा ओलावा टिपून काच कोरडी केलीत आणि माझ्यापुढे सरकवलीत. मी आतून धुमसत होते. सिमेंट कालवलं. ते सायीसारखं सैलसर राहिलं. टोपी ठेवली, दाबली, ती सरळ खाली उतरली, कडेने जास्तीचं सिमेंट बाहेर आलं, आणि बाईंनी चावून पाहून "ठीक" म्हटलं. आणि मी, काका, मी तुम्हाला त्या बाईंसमोर म्हणाले, "बघा, या वेळी माप बरोबर आलं."

तुम्ही "हो" म्हणालात. मग तो पेला उचलून पाणी प्यायलात.

सहा वर्षांनी मी एकदा तुमच्या लॅबमध्ये आले होते. तुमच्या टेबलावर एक तुटकी टोपी होती, दुसऱ्या कुठल्यातरी डॉक्टरांकडून परत आलेली. तुम्ही भिंग माझ्या हातात दिलंत. "नाव नाही सांगणार कुणाची ते. पण आत बघा. सिमेंटचा थर वर केवढा जाड आहे. टोपी खाली उतरलीच नाही. या डॉक्टरांची काच गरम होती." मग तुम्ही थोडं हसून म्हणालात, "आतलं सिमेंट सगळं सांगतं. ज्याचा हात त्याचा थर."

मी भिंगातून बघत राहिले. टोपी त्या दुसऱ्या डॉक्टरांची होती, पण मला तो ट्रे दिसत होता, ते हेल्मेट दिसत होतं, तो पेला दिसत होता. ट्रायलला टोपी चपखल बसली होती, हे तुम्ही नुसतं म्हणाला असतात तरी माझी बोलती बंद झाली असती. बाईंसमोर तुम्ही ते म्हणाला नाहीत. उलट मला शिकवायला म्हणून तुम्ही दुसऱ्या खेपेला खडकीहून आलात, आणि शिकवताना मला शिकवतो आहोत हेसुद्धा कळू दिलं नाहीत. मी म्हणाले, "काका, त्या लिमयेबाईंची टोपी..."

"कोण लिमयेबाई?" तुम्ही म्हणालात. तुम्ही! पहिल्या वर्षीच्या माणसाची झिजलेली दाढ सांगणारे तुम्ही. "चहा सांगू का खाली?"

आणि मी चहा घेतला. मला तेवढीच सुटका हवी होती.

त्यानंतर दर वेळी वाटायचं, आज बोलू. मग तुम्ही खिडकी उघडायचात, पुण्याची चौकशी करायचात आणि ते राहायचं. गेल्या वर्षी मी तोंडातच माप घेणारा स्कॅनर घेतला. आता माप थेट कंपनीच्या मशीनकडे जातं, दात दोन दिवसांत तयार होऊन येतो. तुमच्याकडे काम कमी जायला लागलं. आपलं त्यावरचं भांडण मिटलंच नाही. मी म्हणायचे, मशीन चुकत नाही. तुम्ही म्हणायचात, "चुकत नाही ते खरं. पण मशीनला सांगणार कोण, की या बाई मिश्री लावतात?" मी यावर एक चांगलं उत्तर तयार ठेवलं होतं. आता ते कुणाला देऊ? खरं तर मशीनवरून आपण दोघं इतकं भांडायचो ते मला बरंच वाटायचं. ते भांडण चालू असलं की दुसरं काही बोलावं लागायचं नाही.

तुम्ही गेल्याचं कळल्यावर मी घरी येऊन गेले. गर्दी होती. काकींना हात जोडले आणि निघाले. पुढचे आठ-नऊ दिवस मी दात तासत होते, मापं घेत होते, आणि एकच गोष्ट डोक्यात होती. तुम्हाला आता सांगता येणार नाही. पण ज्यांच्यासमोर मी खोटं बोलले त्या अजून आहेत. लिमयेबाईंच्या लेखी तुम्ही आजही तेच आहात, हाताला माप नसलेला माणूस.

परवा त्यांना फोन केला. "जरा सांगायचं होतं, दवाखान्यात येता का?"

"माझं काही दुखत नाही," त्या म्हणाल्या. "सांगायचं तुम्हाला आहे ना? मग तुम्ही या."

गेले. तिसरा मजला, लिफ्ट बंद. त्यांनी पाणी दिलं, समोर बसल्या आणि "बोला" म्हणाल्या. मी सगळं सांगितलं. वीज गेलेली, काच तापलेली, सिमेंट दाटलेलं, घासणं, आणि तुम्ही भिंगातून पाहिलंत ते. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. माझं झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे मी त्यांना जे बोलले, ते तुम्हाला बोलायला हवं होतं."

"हो."

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं तेव्हा धीर झाला नाही."

"आणि आता ते गेले म्हणून धीर झाला."

बाई खिडकीकडे बघत होत्या आणि त्यांची जीभ गालाच्या आत डावीकडे वर फिरत होती. मला ते ओळखू येतं. मग म्हणाल्या, "दहा वर्षं याच दातानं खाते आहे मी. नाव काय त्यांचं?"

"शेलारकाका."

"काका तुमचे. नाव विचारलं मी."

आणि काका, मला थांबावं लागलं. बारा वर्षं तुम्हाला ओळखत होते, पण तुमचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते तुमच्या गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या श्रद्धांजलीच्या फलकावर. "वसंत," मी म्हणाले. "वसंत गणपत शेलार."

"वसंत गणपत शेलार," त्यांनी हजेरी घेताना म्हणावं तसं स्पष्ट म्हटलं. मग उठल्या, आत जाऊन साडी बदलून आल्या. "त्यांच्या घरी कोण आहे?"

"पत्नी आहेत."

"चला मग. बोलले मी होते. तुमच्या हाती निरोप पाठवून ते परत घेता येत नाही."

आम्ही रिक्षा केली. संध्याकाळचे सहा-साडेसहा झाले असतील, खडकी बाजारात नेहमीची गर्दी. सायकलचं दुकान उघडं होतं, वरची खिडकी बंद. मागच्या बाजूच्या तुमच्या दोन खोल्यांत काकी एकट्याच होत्या. मला ओळखलं त्यांनी. लिमयेबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मी यांची पेशंट. दहा वर्षांपूर्वी मी तुमच्या यजमानांना फार लागेल असं बोलले होते. त्यांची काही चूक नव्हती."

"माझी होती," मी म्हणाले. "आणि मी ती त्यांच्यावर ढकलली. त्यांना माहीत होतं."

पहिल्यांदाच म्हटलं मी हे मोठ्याने तुमच्या घरात. काकी दोघींकडे आळीपाळीने बघत राहिल्या. "मला तर काहीच बोलले नाहीत कधी," त्या म्हणाल्या. "बसा ना. उभ्या का?"

आम्ही बसलो. चहा झाला. मग काकींनीच हळूच विचारलं, "तो दात अजून आहे का तुमच्या तोंडात? त्यांनी केलेला?"

"आहे. उत्तम आहे."

"मी आपली प्लास्टरचेच बघत आले सगळा जन्म," काकी म्हणाल्या. "घरभर जबडे पडलेले असायचे. पण त्यांचा दात माणसाच्या तोंडात कसा दिसतो ते कधी बघितलं नाही मी. त्यांनी कुणाला आणलंच नाही घरी. आणणार तरी कसं?"

लिमयेबाई माझ्या खुर्चीवरसुद्धा तोंड उघडायच्या आधी तीन प्रश्न विचारतात. त्या खुर्ची ओढून ट्यूबलाइटखाली बसल्या, मान मागे टाकली आणि तोंड उघडलं. काकींनी चष्मा लावला. आधी जरा लांबून पाहिलं, मग संकोच सोडून त्यांची हनुवटी धरली. उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली. वर पाहिलं, खाली पाहिलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"यातला त्यांचा कोणता?" त्यांनी मला विचारलं.

मला सांगता आलं असतं. लिमयेबाईंनी तोंड उघडं ठेवूनच हात वर करून मला गप्प केलं.

काकी बघत राहिल्या, काका. एकेका दातावर बोट ठेवत, थांबत, पुढे जात. शेवटी त्यांनी चष्मा काढून पदराने डोळे पुसले. त्यांना तो सापडला नाही.